छतातील गाडलेले दिवे व उष्णतारोधक थर
छताला भोक पाडून आत बसवलेल्या दिव्याची मागची बाजू आणि छताच्या वर पसरलेला उष्णतारोधक थर यांच्यात, दिव्याची उष्णता कोंडून आग लागू नये म्हणून, मोकळी जागा राखण्याची पद्धती. पुण्यात या दिव्यांना स्पॉटलाइट, डाउनलाइट किंवा कन्सील्ड लाइट म्हणतात. थर ग्लासवूल, रॉकवूल किंवा थर्माकोलचा असतो.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न उद्भवला नाही. तुळयांखाली फळ्यांची तक्तपोशी (फारसी ‘तख्ता’ म्हणजे फळी, ‘पोश’ म्हणजे आच्छादन) आणि वर मातीचे माळवद असे. हंडी, झुंबर, लामणदिवा हे सारे छतापासून खाली टांगलेले असत आणि त्यांची उष्णता खोलीतल्या हवेत विरून जाई. गाडलेल्या दिव्याने हा क्रम उलटवला : प्रकाश खाली आणि बरीचशी उष्णता छताच्या पोकळीत.

धोक्याचे मूळ हॅलोजन दिव्यात आहे. त्याच्या शोधाचे श्रेय पुष्कळदा जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एडवर्ड झुब्लर व फ्रेडरिक मॉस्बी यांना दिले जाते. तथापि त्याच कंपनीतील एल्मर फ्रिड्रिक व एमेट वायली यांच्या नावे १९५९ चे पेटंट आहे, हे पाहता मूळ कल्पनेचे श्रेय या दोघांकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. तंतूवरून उडालेले टंगस्टन आयोडिनाच्या साहाय्याने तंतूवर परत आणणे, हे या दिव्याचे तत्त्व. हे चक्र चालू राहण्यासाठी काचेची भिंत सु. २५०° से. किंवा त्याहून अधिक तापलेली असावी लागते. म्हणजे दिवा तापणे हा दोष नसून त्याच्या कार्याची अट आहे. पुढे स्लाइड प्रोजेक्टरसाठी आखलेला एमआर–१६ हा सु. ५० मिमी. व्यासाचा दिवा घरांच्या छतांत शिरला. प्रोजेक्टरमधील फिल्म जळू नये म्हणून त्याच्या परावर्तकावर असा लेप असतो की दृश्य प्रकाश पुढे फेकला जातो, तर अवरक्त (उष्णता वाहणाऱ्या अदृश्य) किरणांचा मोठा भाग काचेतून मागे निसटतो. प्रोजेक्टरमध्ये मागे पंखा असे. छतात मागे ग्लासवूल असते. ५० वॅटच्या दिव्यावर असा थर पडला, की उष्णतेला वाटच राहत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार, थराशी संपर्कासाठी प्रमाणित नसलेल्या दिव्याच्या आवरणापासून, तसेच त्याच्या ट्रान्सफॉर्मर वा ड्रायव्हरपासून (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागापासून), थर किमान ७५ मिमी. दूर ठेवावा लागतो. लाकडापासूनचे अंतर किमान १३ मिमी. हे अंतर केवळ बाजूंचे, असा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात दिव्याच्या वरही थर चालत नाही. भारतात गाडलेल्या दिव्यांसाठी आयएस १०३२२ (भाग ५, विभाग २) हे मानक आहे. दिव्यावरील खूण वा उत्पादकाची सूचना या नियमांहून कडक असेल, तर तीच पाळावी.

थर स्वतः पेटतोच असे नाही. ग्लासवूल व रॉकवूल ज्वलनशील नाहीत, पण त्यांखाली कोंडलेली उष्णता वायरीला व लाकडी चौकटीला भोवते. घरगुती पीव्हीसी वायरीची मर्यादा ७०° से. असते. थर्माकोल सु. १००° से.ला मऊ पडतो. शिवाय त्याला चिकटून राहिलेल्या पीव्हीसी वायरीतील मऊपणा आणणारे द्रव्य झिरपून जाते व वायर कडक, ठिसूळ होते.

पुण्यात स्लॅबच्या इमारतींमध्ये रोधन बहुधा गच्चीवर, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याच्या रूपात असते, त्यामुळे दिवा व थर यांची गाठ पडत नाही. ती पडते वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर ग्लासवूल अंथरल्यास, पत्र्याच्या शेडमधील कार्यालयांत आणि आवाज अडवण्यासाठी ग्लासवूल भरलेल्या होम थिएटरमध्ये. एप्रिल–मे महिन्यांत दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता खाली सोडू लागतो, नेमके तेव्हाच दिवे लागतात. पोकळी आधीच तापलेली असते.

उपाय साधा आहे : एमसीबी बंद करून दिव्याभोवतीचा थर कापावा, पत्र्याचे वा जिप्समचे कडे उभारावे, जेणेकरून थर सरकून परत येणार नाही, किंवा थर दूर ठेवण्यासाठीचीच टोपी दिव्यावर बसवावी. अग्निरोधक टोपी वेगळी. ती आग वरच्या मजल्यावर जाऊ नये म्हणून छताचे भोक झाकते आणि तिच्यावर थर घालण्याची परवानगी असेलच असे नाही. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत दिवे घेताना हा फरक विचारून घ्यावा.

एलईडीमुळे ५० वॅटच्या जागी ७–९ वॅट पुरतात व आगीची भीती बरीच ओसरते. परंतु ड्रायव्हरमधील संधारित्राचे (कपॅसिटरचे) आयुष्य दर १०° से. वाढीला सु. निम्मे होते. ग्लासवूलखाली पुरलेला ड्रायव्हर म्हणूनच लवकर बंद पडतो आणि दोष मात्र दिव्याला लावला जातो.