बायबलाधिष्ठित समुपदेशन (खानदेश)

चिंता, भीती, शोक, राग, अपराधभाव, व्यसन, दांपत्यकलह अशा रोजच्या मानसिक व आध्यात्मिक अडचणींत बायबलमधील वचने, प्रार्थना आणि मंडळीचा (चर्चच्या सभासदांचा) सहवास यांच्या आधारे केले जाणारे मार्गदर्शन. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते पाळक (पास्टर), वडीलजन आणि भगिनी मंडळातील जाणत्या स्त्रिया करतात. घरभेट, घरगुती प्रार्थनासभा व उपास-प्रार्थना या त्याच्या परिचित जागा होत.

या पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत तिला विसाव्या शतकातील अमेरिकी चळवळ मानते. फिलाडेल्फिया येथील वेस्टमिन्स्टर सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेतील अध्यापक जे ॲडम्स (१९२९–२०२०) यांनी १९६५ च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ होबार्ट माउरर यांच्याबरोबर काम केले. अपराधभाव हा नुसता मनाचा आजार नसून बहुधा खऱ्या अपराधातून येतो, असे माउरर फ्रॉइडच्या विरोधात मांडत. पुढे ॲडम्स यांनी १९७० मध्ये आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १९७६ मध्ये समुपदेशकांची संघटना उभी राहिली. त्यामुळे या पद्धतीचे मूळ बायबलपेक्षा माउरर यांच्यात अधिक आहे, असा आक्षेप घेतला जातो. ॲडम्स यांनी माउरर यांचे ऋण मान्य केले, पण आधार मात्र विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना बोध करावा या पौलाच्या शिकवणीत (रोमकरांस १५:१४, कलस्सैकरांस १:२८) दाखवला. त्यांचा भर पापावर फार आणि दुःखावर कमी होता, ही टीका रास्त आहे. डेव्हिड पॉलिसन (१९४९–२०१९) व त्यांच्या पिढीने तो तोल बराचसा सावरला.

दुसऱ्या मतानुसार ही आत्म्याची जुनीच निगा आहे. सु. ५९० मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावानुसार वेगळा बोध करावा, असे पाळकांना लिहिले. सतराव्या शतकात रिचर्ड बॅक्स्टर इंग्लंडमधील किडरमिन्स्टर येथे एकेका कुटुंबाशी स्वतंत्रपणे बोलत असे. खानदेशाच्या संदर्भात हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण येथे दुखणाईत, शोकग्रस्त व भांडणात सापडलेल्यांच्या घरी जाण्याची रीत मिशनकाळापासूनची आहे. ॲडम्स यांचा ग्रंथ त्यानंतरचा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. साधारण त्याच काळाच्या आगेमागे भुसावळ, चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचे, तर पश्चिमेकडे स्कँडिनेव्हियन मिशनांचे काम रुजत गेले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथे मिशन रुग्णालयही उभे राहिले.

चिंतेसाठी फिलिप्पैकरांस पत्र ४:६-७, खचलेल्यांसाठी ४२ वे स्तोत्र आणि आजारी माणसासाठी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो. एलीयाची कथा (१ राजे १९) यांत विशेष मोलाची आहे. मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला आधी झोप आणि देवदूताकडून भाकर व पाणी मिळते, देवाची वाणी नंतर येते. थकलेल्या माणसापुढे वचनांचा मारा करणाऱ्याने ही कथा पुन्हा वाचावी.

शास्त्राचे वाचन बहुधा मराठीत होते, पण दुःख सांगितले जाते ते अहिराणी, मावची, भिली वा पावरी बोलीत. ती बोली जाणणारी शेजारीण म्हणूनच शिकलेल्या परक्या समुपदेशकापेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे गुजरातेत जातात. उचल, कर्ज, दारू व दुरावा यांतून आलेले कलह परतल्यावर पाळकापुढे येतात. वस्तीत सगळेच नातेवाईक असल्याने ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे हे मोठे पथ्य होय. ती प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत उघड करणे हा विश्वासघातच ठरतो.

सातपुड्याच्या परिसरात डाकीण ठरवली जाण्याची भीती अजून पुरती गेलेली नाही. आजारपण किंवा मृत्यूनंतर भगत एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवतो आणि तिचे जिणे असह्य होते. येथे प्रार्थनेने धीर देण्याबरोबरच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची मदत मिळवून देणे आवश्यक असते. मारहाण सोसणाऱ्या पत्नीला केवळ क्षमा व सहनशीलता शिकवणे हा वचनाचा गैरवापर आहे. तिची सुरक्षितता आधी पाहावी लागते.

तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, भास किंवा फेफरे यांवर वैद्यकीय उपचारच हवेत. शारीरिक विकारांसाठी डॉक्टरकडे पाठवावे, हे ॲडम्स यांनाही मान्य होते. चालू गोळ्या विश्वासाच्या नावाखाली बंद करायला लावणे जिवावर बेतू शकते. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

कॅथलिक परंपरेत या गरजेचा काही भाग प्रायश्चित्त संस्कारातून (धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्यातून) भागतो. खानदेशातील कॅथलिक मंडळी १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात.