पार्श्वभूमी: गोव्यातली घरं, गच्चीवरचं 'सोलर' आणि मीटरचा हिशेब

गोव्यात 'आम्ही सोलर बसवलंय' असं कुणी म्हणालं की 'कुठलं?' असं विचारावंच लागतं. गच्चीवर आडवी टाकी आणि तिच्याखाली काळ्या नळ्या असतील, तर ते पाणी तापवण्याचं. काळी-निळी पॅनेल आणि घरात बॅटरी असेल, तर ते वीज गेल्यावर दिवे-पंखे चालवण्याचं. पॅनेल तशीच, पण बॅटरी नाही आणि मीटर नवं, तर ते वीज खात्याच्या तारांना जोडलेलं. तिघांचे नियम वेगळे, अनुदानं वेगळी, नाव मात्र एकच. मग जूनच्या पहिल्या वादळात माड तारेवर पडतो, गावाची वीज जाते आणि तिसऱ्या प्रकारवाला चक्रावतो, कारण त्याचं सोलरही बंद पडलेलं असतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला घरातल्या विजेचा झटका बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. कारण रास्त आहे. पण पैसे मोजून अंधारात बसलेल्या माणसाला ते त्या रात्री पटवून बघा.

पाणी तापवण्याची गोष्ट आधीची. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण, खाली नारळाची सोडणं, माडाची चुडतं, करवंट्या. जळण भाटातलं, म्हणजे माडांच्या बागेतलं, म्हणून फुकट. फ्लॅट आले, न्हाणीची बाथरूम झाली, सोडणं रचायला जागा उरली नाही. मग गीझर आला आणि गीझरच्या बिलामागून सौर हीटर. देशात त्याचा सरकारी प्रसार १९८० च्या दशकापासून चालू होता. २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेत त्याला अनुदान होतं, ते २०१४ च्या सुमारास थांबलं. चार माणसांच्या घराला १०० लिटरची टाकी आणि ऊन शोषणारा सुमारे दोन चौरस मीटरचा संग्राहक पुरतो. पंप लागत नाही, तापलेलं पाणी हलकं होऊन आपणच वर टाकीत चढतं. बोअरवेलचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार धरतो, आणि पावसाळ्यात टाकीतली विजेची कॉइल चालू करावीच लागते.

विजेच्या सोलरचा गोव्यातला इतिहास खऱ्या अर्थानं २०१५ नंतरचा. राज्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. वीज महाराष्ट्र आणि कर्नाटकातून येणाऱ्या वाहिन्यांवरून येते. तरीही घरगुती दर कमी. पहिल्या १०० युनिटांचा दर २०२४ पर्यंत दोन रुपयांच्या आत होता. दर ठरवणारा नियामक गोवा आणि बहुतेक केंद्रशासित प्रदेशांना सामायिक आहे, म्हणजे चंदीगडच्या कोरड्या गच्चीला जे नियम, तेच गोव्यातल्या साखळी गावच्या शेवाळलेल्या गच्चीला. त्याचे छपरावरच्या सौर विजेचे नियम २०१५ मध्ये आले, राज्याचं सौर धोरण २०१७ मध्ये, आणि नेट मीटरिंगचे नवे नियम २०१९ मध्ये.

इथूनच 'नेट' आणि 'ग्रॉस' या मीटरच्या हिशेबाच्या दोन पद्धतींचा घोळ सुरू झाला. फोंड्याकडच्या एका घराचं उदाहरण घेऊ. छपरावर ३ किलोवॅट. चांगल्या उन्हाच्या दिवशी १२ युनिट तयार झाले. दुपारी घरात ४ खपले, ८ बाहेर गेले. रात्री बाहेरून ६ आले. नेटमध्ये ८ मधून ६ वजा, दोन युनिट तुमच्या नावावर जमा. ग्रॉसमध्ये सगळे १२ वीज खात्याला ठरलेल्या दरानं विकायचे आणि घरात लागलेले सगळे १० नेहमीच्या दरानं विकत घ्यायचे. पॅनेल तेच, ऊन तेच.

सर्वसाधारण समज असा की नेट म्हणजे ग्राहकाचं भलं आणि ग्रॉस म्हणजे खात्याचं. महाग विजेच्या शहरात ते बरोबरच आहे. गोव्यात मात्र कमी वीज वापरणाऱ्या घरानं नेट घेतलं, तर वाचायचं काय? २०२४ पर्यंत तरी दोन रुपयांच्या आतलं युनिट. विकायचा दर त्याहून वर असेल तर कागदावर ग्रॉसच सरस ठरतं. तरी लोकांनी नेटच मागितलं, आणि माझ्या मते त्यात वेडेपणा नव्हता. शून्याचं बिल हातात दिसतं. खात्याकडून यायचे पैसे कधी येतील ते दिसत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. नेट फक्त १० किलोवॅटपर्यंत, त्यापुढे ग्रॉस. साध्या घराला ३ ते ५ किलोवॅट पुरतात, त्यामुळे या नियमानं त्याचं काहीच बिघडत नव्हतं. घाव बसणार होता तो हॉटेलांवर, शाळांवर, मोठ्या सोसायट्यांवर, म्हणजे ज्यांचं युनिट महाग आणि ज्यांना नेटचा खरा फायदा, त्यांच्यावरच. देशभर ओरड झाली आणि जून २०२१ मध्ये मर्यादा ५०० किलोवॅटवर, किंवा जोडणीला मंजूर असलेला भार त्याहून कमी असेल तर तेवढ्यावर, नेण्यात आली. अवघ्या सहा महिन्यांत. हक्काच्या नावानं काढलेल्या नियमात ग्राहकाचाच हक्क आखडला होता, हे म्हणायला हरकत नाही.

नेटच्या हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमा झालेले युनिट जुलैच्या झडीत वापरता येतात, हे गोव्याला सोयीचं. दिवाळीनंतर जमा झालेले मात्र ३१ मार्चला उरले तर ठरलेल्या दरानं पैसे होऊन निकालात निघतात, नेमके पंखे आणि एसी जोरात सुरू होण्याच्या तोंडावर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची घरगुती सोलरच्या अनुदानाची योजना आली: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. पॅनेल भारतीय बनावटीचीच हवीत. गोव्यात अडतं ते दुसरीकडेच. मीटर अजून आजोबांच्या नावावर, घर चार भावांचं, आणि दुपारी तीननंतर शेजारच्या माडाची सावली. ओळीतल्या एका पॅनेलवर पडली तरी बाकीच्यांची वीज खाली ओढणारी.

याच गच्चीवरून आता पाण्याचा हीटर उतरू लागलाय. तो उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा पाण्यात उतरवतो, पॅनेल पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज करतं. पण ३ किलोवॅटला ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि हीटर नेमका मध्येच. नेट मीटर असेल तर सकाळच्या गीझरचे युनिट दुपारच्या जमेतून वळते होतात, वेगळी नळजोडणी नको, क्षारांची कटकट नको. टाकी भंगारवाला घेऊन जातो, आणि तिचा लोखंडी स्टँड मात्र बहुतेक घरांत कपडे वाळत घालायला राहतो.