भाद्रपदात दिसणारी खूण, वैशाखात कोसळणारं झाड

सोलापुरात झाडं पडल्याच्या बातम्या येतात त्या बहुधा वळवाच्या वादळानंतर. आडव्या झालेल्या झाडाभोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, कालपर्यंत हिरवंगार होतं!" ते खरंच असतं. झाडाचं पाणी सालीलगतच्या ताज्या लाकडातून वर चढतं. गाभ्यातलं जुनं लाकूड मृत असतं, त्याचं काम नुसता आधार देणं. बुरशीने हा गाभा खाल्ला तरी पानांना पाणी मिळत राहतं आणि शेंडा टवटवीत दिसतो. म्हणून झाड धोक्याचं आहे का हे ठरवताना नजर आधी बुंध्याकडे जायला हवी.

एवढ्या कोरड्या हवेत बुरशी कशी टिकते? लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली गेलं की कुजवणारी बुरशी थांबते, म्हणूनच घरातलं कपाट वर्षानुवर्षं कुजत नाही. जिवंत खोडाच्या आत मात्र भर उन्हाळ्यातही यापेक्षा बराच जास्त ओलावा असतो. तिथे बुरशीचे तंतू बाराही महिने लाकूड पचवत असतात. बाहेर येणारं छत्र ही फक्त बीजाणू सोडण्याची सोय, आणि ते उगवायला हवेत ओल लागते. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात होतो, त्यामुळे खुणा शोधायचा काळ जुलै ते ऑक्टोबर. मऊ छत्रं दिवाळीनंतर वाळतात, किडे खातात, गळून पडतात. वादळाचा हंगाम येतो तोवर खूण जागेवर नसते. पावसाळ्यात काढलेला फोटो, शेजारी मोजपट्टी आणि तारीख, हा म्हणूनच मे महिन्यातला सर्वांत उपयोगी कागद ठरतो.

सगळ्यात आधी ओळखायला शिकावी अशी बुरशी म्हणजे गॅनोडर्मा. गुलमोहर, शिरीष, बाभूळ अशा झाडांच्या अगदी बुडाशी, कधी मातीतून डोकावणाऱ्या मुळावर, अर्धगोल फळीसारखं कडक छत्र येतं. वरची बाजू तांबूस तपकिरी, काही जातींत पॉलिश केल्यासारखी चकचकीत. वाढती कड पांढरी-पिवळसर. खालची बाजू पांढरट आणि बारीक छिद्रांची. नखाने ओरखडा काढला की तिथे तपकिरी रेघ उमटते. आसपासच्या पानांवर, सालीवर कोकोसारखी मऊ तपकिरी पूड बसलेली असते. ते बीजाणू. खोडकिड्याचा भुसाही बुंध्याशी साचतो, पण तो चिमटीत खरखरीत लागतो आणि वर सालीत भोक सापडतं.

गॅनोडर्माचं छत्र बुडाशी दिसलं तर मुळं आणि बुंधा दोन्ही आतून कुजत असल्याचं धरून चालावं. असं झाड सहसा मधून मोडत नाही, मुळापासून उलथतं. गुलमोहराच्या बाबतीत ही भीती जास्त, कारण त्याची मुळं उथळ पसरतात आणि लाकूडही हलकं. शिवाय ऐन वळवाच्या दिवसांत तो फुलांनी लगडलेला असतो. छत्राच्या आकारावरून आतली कूज मोजता येत नाही. बोटभर छत्रामागेही मोठी पोकळी असू शकते.

कूज दोन तऱ्हांची. पांढऱ्या कुजीत बुरशी लाकडातलं लिग्निनही, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटकही, खाते. लाकूड फिकट, ओलसर, रेषारेषांचं होतं आणि मोडण्याआधी थोडं वाकतं. गॅनोडर्मा या गटातली. तपकिरी कुजीत मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे लाकडाचे चिवट धागे, जातं, लिग्निन उरतं, आणि लाकूड चौकोनी भेगा पडून बोटांनी चुरडतं. इथे ताकद फार लवकर जाते: वजनात जेमतेम ५ ते १० टक्के घट झालेली असताना लाकडाची चिवटाई बरीचशी संपलेली असते. अशी फांदी इशारा न देता तुटते.

बाकीच्या ओळखी थोडक्यात. फांदीवर किंवा उन्हाने भाजलेल्या सालीवर एक ते चार सेंटीमीटरचे, राखाडी-पांढरे, लवदार पंखे दिसले आणि खाली दुभंगलेल्या पट्ट्या असल्या तर ती शायझोफायलम. कोरड्यात आक्रसते, पाऊस पडला की पुन्हा उलगडते. तेवढा भाग मेलाय, इतकाच तिचा अर्थ. काळे कडक गोळे, फोडल्यावर आत एकाआड एक वलयं, ते डाल्डिनिया. मेलेल्या लाकडावर येतात. कडुलिंबाच्या सालीवरची वाळवीची मातकट नळी घाबरण्याजोगी नसते, वाळवी बहुतेकदा वरची मेलेली साल खात असते. बुंध्यापासून लांब, मातीतून उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांना तर हातही लावू नये. त्या सहसा पालापाचोळ्यावर जगतात.

तपासणीला सुताराची लाकडी मोगरी, स्क्रूड्रायव्हर आणि टेप पुरतात. आधी दहा-पंधरा मीटरवरून झाडाचा कल बघा. कलाच्या विरुद्ध बाजूची माती फुगली किंवा भेगाळली असेल तर पुढची तपासणी थांबवा आणि खालची जागा मोकळी करा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच. बुंध्याभोवती कमानीसारखी गेलेली, पाऊस पडूनही न मिटणारी भेग वेगळी. नंतर घोटा, गुडघा आणि छाती अशा तीन उंचींवर, वीस-तीस सेंटीमीटर अंतराने ठोकत फिरा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ घुमतं. सुटलेली सालही घुमते, म्हणून शंका आली तिथे साल हलते का ते पाहा. चुना-गेरूचे पट्टे ओले डाग आणि भेगा झाकतात. ते आधी घासून काढावेत. पाराची माती किंवा पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडले असतील तर खरी तपासायची जागाच पुरलेली आहे.

पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, असंही नाही. पोकळी मधोमध आणि चहूबाजूंनी बंद असेल तर व्यासाच्या निम्मी पोकळी खोडाची वाकण्याविरुद्धची ताकद फक्त ६ टक्क्यांनी कमी करते. ७० टक्क्यांला २४, आणि ९० टक्क्यांला ६६ टक्के. जर्मन संशोधक क्लाउस मॅथेक यांचा नियम असा: निरोगी कवचाची जाडी त्रिज्येच्या ०.३ पट तरी हवी. घेर १८८ सेंटीमीटर असेल तर व्यास सुमारे ६०, त्रिज्या ३०, म्हणजे ९ सेंटीमीटर कवच. बाजूला मोठं भगदाड असेल किंवा मुळंच कुजली असतील तर हा हिशेब लागू नाही.

बुरशी आत शिरते ती जखमेतून. गटार, केबल, जलवाहिनी यांच्या चरांत तोडलेली मुळं, बुंध्याशी जाळलेला कचरा, तारांखाली अर्ध्यावर छाटलेल्या फांद्या. अमेरिकी वृक्षरोगतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंती उभारून ती वेगळी पाडतं. फांदी काढताना म्हणून तिच्या मुळाशी असलेली सुजलेली कड शाबूत ठेवायची. पहिला काप खोडापासून ३० सेंटीमीटरवर, खालून, पाव जाडीचा. दुसरा थोडा पुढे, वरून, म्हणजे साल ओरबाडली जात नाही. तिसऱ्याने उरलेला खुंट कडेच्या बाहेरून काढायचा. याच भिंतींमुळे पोकळी खरवडून साफ करणं, पाणी काढायला भोक पाडणं, आत सिमेंट भरणं हे तिन्ही उपाय नुकसानीचे. छत्र तोडल्याने आतले तंतू मरत नाहीत. डाळिंबवाल्यांना मोरचूद-चुन्याच्या बोर्डो पेस्टचा मोह होईल, पण खोल शिरलेल्या कुजीपर्यंत ती पोचत नाही.

मग करायचं काय? खाली काय आहे त्यावर ठरतं. माळावरचं पोकळ झाड पोपटांसाठी ठेवावं. तेच रिक्षा थांब्यावर किंवा शाळेच्या फाटकाशी असेल तर आधी थांबा हलवता येतो का पाहावं, मग शेंड्याचा भार हलका करावा, आणि बुडाशी गॅनोडर्मा असेल तर तोडण्याचा विचार करावा. महाराष्ट्रातल्या नागरी भागात त्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते; अर्जाला छत्राचे फोटो, घेर आणि खालच्या वापराची माहिती जोडावी. तोडणाऱ्याला कूज कुठे आहे ते आधी सांगावं. कुजलेल्या बुंध्यात करवतीच्या खाचेमागे राखलेला लाकडाचा पट्टा टिकत नाही आणि झाड ठरवलेल्या दिशेला न पडता कुठेही जातं. अशा झाडावर दोर बांधून चढूही नये. खोड गेल्यावर बुडखा आणि हाताला लागतील तेवढी मुळं उकरून काढावीत. गॅनोडर्मा त्यांत वर्षानुवर्षं राहते आणि त्याच खड्ड्यात लावलेल्या गुलमोहराच्या मुळांना धरते.