जॅग्वार ई-टाइप आणि पोर्शे ९११

दोन दारांच्या, मागे उतरत जाणाऱ्या छपराच्या स्पोर्ट्‌स गाडीला कूपे म्हणतात. या जातीतल्या दोन नामवंत गाड्या अडीच वर्षांच्या अंतराने आल्या: इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची जॅग्वार ई-टाइप (१९६१) आणि जर्मनीतल्या स्टुटगार्टची पोर्शे ९११ (१९६३). दोघींना सहा सिलिंडर; पण एकीचे इंजिन नाकात, तर दुसरीचे शेपटीत.

ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तिचा आकार माल्कम सेयर यांचा. ते मूळचे विमान कारखान्यातले. गाडीच्या वक्ररेषा ते गणिताने, कोष्टकांवरून काढत आणि कोणी ‘स्टायलिस्ट’ म्हटलेले त्यांना आवडत नसे. बॉनेट उघडताना मडगार्डांसकट अख्खे नाकच पुढे कलते आणि ३.८ लिटरचे लांबलचक इंजिन, रांगेत बसवलेल्या तीन एसयू कार्ब्युरेटरांसह (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या उपकरणांसह), उघडे पडते. ताकद २६५ अश्वशक्ती. हे एक्सके इंजिन नवे नव्हते, १९४८ पासून चालत आलेले होते. चालून सिद्ध झालेले यंत्र घ्यायचे, त्यावर देखणे अंग चढवायचे आणि किंमत हाताबाहेर जाऊ द्यायची नाही, ही कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांची रीत. म्हणूनच ही गाडी साधारण २,१०० पौंडांत, अ‍ॅस्टन मार्टिनच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळे. ताशी १५० मैलांचा (सुमारे २४० किमी) गाजलेला वेग मात्र पत्रकारांसाठी खास तयार केलेल्या गाड्यांचा. गिऱ्हाइकाच्या गाडीला तो सहसा गाठता येत नसे. सुरुवातीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे खडखडाट न होता गिअर बसवणारी यंत्रणा, नव्हता. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून डिफरन्शियलला, म्हणजे दोन मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या गिअरपेटीला, लागून आहेत. डिस्क बदलायची तर बहुधा मागचा सांगाडाच खाली उतरवावा लागतो. मेकॅनिक तिला शिव्या घालतात त्या इथे.

पोर्शेचे मूळ नाव ९०१. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्याने १९६४ मध्ये ते ९११ झाले. आरेखन संस्थापकाचे नातू फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचे. इंजिन २ लिटरचे, आडव्या सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे. ताकद १३० अश्वशक्ती, म्हणजे ई-टाइपच्या निम्मीच. ते मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असते. हा वारसा फोक्सवागन बीटलचा, आणि दोषही त्यातलाच: भर वळणात घाबरून अ‍ॅक्सलरेटरवरचा पाय उचलला की जड शेपूट बाहेर धावते. शहाण्या माणसाने इंजिन पुढे हलवले असते. पोर्शेने ते जागचे हलवले नाही. आधी काही गाड्यांच्या पुढच्या बंपरात वजने बसवली, मग १९६९ च्या मॉडेलात मागची चाके ५७ मिमी मागे सरकवली, पुढे टायर रुंद केले. हवेने थंड होणारे इंजिन १९९८ पर्यंत टिकले.

ई-टाइप जन्मतःच इतकी पूर्ण होती की तिच्यात केलेला बदल बहुधा रूपाच्या मुळावर आला. अमेरिकी नियमांपायी दिव्यांवरची काच गेली; १९७१ मध्ये १२ सिलिंडरांचे ५.३ लिटर इंजिन आले, पण गाडी जाडावली. १९७४ मध्ये उत्पादन थांबले, तोवर ७२,००० हून अधिक गाड्या बनल्या होत्या. जॅग्वार कंपनी २००८ मध्ये फोर्डकडून मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली. दहा लाखावी ९११ मे २०१७ मध्ये तयार झाली. रंग हिरवा, किल्ली पूर्वीसारखीच स्टिअरिंगच्या डावीकडे, आणि इंजिन मागेच.