तैलचित्र, सिनरी आणि ऑइल पेंट : वैनगंगाकाठच्या एका निसर्गचित्रकाराची पार्श्वभूमी

गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेला वैनगंगेचा काठ रंगात पाहायचा असेल, तर भंडाऱ्याकडच्या या चित्रकाराच्या कॅनव्हासांकडेच जावं लागतं. फोटो आहेत, पण मी पाहिलेले बहुतेक घरं आणि झाडं मोजण्यापुरते काढलेले आहेत. सकाळी रेतीवर ऊन कसं उतरायचं, ते त्यांत नाही.

त्यांचा हात बसला तो नाटकाच्या पडद्यांवर. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्रभराचं नाटक असा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा हंगाम. पावडरचे रंग सरसात कालवून राजवाडा, रस्ता, जंगल असे पडदे रंगवायचे. जंगलाचा पडदा हीच त्यांची निसर्गचित्रणाची पहिली शाळा. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका आणि ड्रॉइंग मास्तरची नोकरी, हा ठरलेला रस्ता. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. खेड्यातल्या चित्रकाराला मोठं प्रदर्शन तेवढंच लांब पडलं.

खरा गुंता शब्दाचा आहे, आणि त्याने या माणसाचं जेवढं नुकसान केलं तेवढं गरिबीनेही केलं नसेल. आपल्याकडे ‘तैलचित्र’ म्हटलं की सभागृहातली तसबीर डोळ्यांसमोर येते. तैलचित्राचं अनावरण होतं, त्याला हार घातला जातो. म्हणजे तैलचित्र माणसाचं, तेही मोठ्या आणि बहुधा दिवंगत माणसाचं. ‘ऑइल पेंट’ म्हणजे दाराखिडक्यांना लावायचा डब्यातला रंग. आणि नदी, झाड, धानाची बांधी काढली की ती ‘सिनरी’. बर्फाचे डोंगर छापलेलं पोस्टरही सिनरीच. तेलरंगात काढलेल्या निसर्गचित्राला गावात स्वतःचा शब्दच नव्हता.

याची किंमत मोजावी लागली. एका स्थानिक संस्थेच्या सभागृहासाठी चित्रं घ्यायची होती. मास्तरांनी नदीकाठची चार चित्रं देऊ केली. मंजुरी ‘तैलचित्रां’साठी आहे, ‘सिनरी’साठी नाही, असं उत्तर मिळालं. त्याच मास्तरांकडून मग दोन पुढाऱ्यांच्या तसबिरी करून घेतल्या. त्या वेळी बैठकीत असलेले काही जण आजही म्हणतात की नियमाला धरूनच झालं. नियमाला धरून झालं असेलही. पण तेलात काढलेलं चित्र ते तैलचित्र, एवढं म्हणायला कुणाचा नियम आडवा येत नव्हता. ती चार चित्रं घरी परत आली. त्यातल्या दोहोंना पावसाळ्यात बुरशी लागली.

दुसरा वाद ऑइल पेंटचा. ट्यूबचे रंग परवडत नसत तेव्हा त्यांनी डब्यातला इनॅमल वापरला, मांजरपाटावर सरस आणि खडूचा अस्तर देऊन. काही जाणकार ही चित्रं तैलचित्रांत धरत नाहीत. मला हे पटत नाही. त्या चित्रांतलं पाणी ट्यूबच्या रंगांतल्या पाण्याइतकंच खोल आहे.

तेलही गावचंच. जवस आपल्या शेतातली, तेल घाणीचं. पाण्यात घुसळून, उन्हात ठेवून गाद खाली बसली की वरचं तेल ते रंगात घेत. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि अंधारात ठेवलं की पिवळं पडतं. त्यांच्या जुन्या चित्रांतलं पिवळट आभाळ पाहून ‘वैशाखाची धूळ’ असं लिहिलं गेलंय. मी एक कॅनव्हास कोठीतून काढून महिनाभर उजेडात ठेवलेला पाहिला. आभाळ निळ्याकडे परतलं होतं. कोपऱ्यातला पळस तेवढा होता तसाच केशरी.

1988 मध्ये धरणाची पायाभरणी झाली. पाणी चढायला पुढे वीस वर्षं लागली, आणि मास्तरांची सगळ्यात चांगली चित्रं या वीस वर्षांतली आहेत. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून ते अंभोऱ्याच्या संगमापर्यंत जात. उन्हाळ्यात नदी आटली की ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या डांगरवाड्या, टरबूज-खरबुजांचे मळे, रेतीत लागत. वेलांच्या ओळी, तुराट्यांची झोपडी, खड्ड्यातून पाणी उपसणाऱ्या बाया. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर ठरतो, आणि नदीच्या रेतीला सातबारा नसतो. डांगरवाडी होती हे दाखवायला ही चित्रं आहेत.

पुनर्वसित गावात एका घराच्या ओसरीत त्यातलं एक चित्र लागलं आहे. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर पाठमोरी बाई धुणं धुतेय, बोटभर उंचीची, लाल लुगड्याचे ब्रशचे चार फटकारे. ‘माही सासू हाये हे,’ घरातल्या आजींनी सांगितलं. सासूबाईंचा फोटो कधी निघालाच नव्हता. पितृपक्षात त्या सिनरीला हार घालतात.