फ्यूजनची वीज आणि शिरोलीची भट्टी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी मध्यम फाउंड्री घ्या. इंडक्शन भट्टीत १ टन लोखंड वितळवून १४५० अंशांच्या पुढे न्यायला सुमारे ६०० युनिट वीज लागते. रोज १० टन मेल्टिंग असेल, तर नुसत्या भट्टीचे झाले ६,००० युनिट. तेवढ्या विजेसाठी औष्णिक केंद्रात ४ टनांच्या आसपास कोळसा जळतो. साखर कारखान्याच्या को-जन प्रकल्पात साधारण १३ टन बगॅस (उसाचा चोथा) लागतो, म्हणजे ४५ टन उसाचा, आणि तोही सगळा विजेलाच दिला तर. सौर पॅनेलमधून घ्यायची तर १ किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट धरा. १,५०० किलोवॉटचा संच आणि दीड लाख चौरस फूट छप्पर हवं. हलके अणू जुळवून ऊर्जा काढणाऱ्या फ्यूजनला इंधन लागेल ०.२ ग्रॅम.

आकडा बरोबर आहे. फसगत होते ती त्यावरून विजेच्या दराचा अंदाज बांधताना. ऊनही फुकटच मिळतं. दर ठरतो तो यंत्रणा उभारायला किती पैसे गेले आणि ती वर्षातले किती तास चालली यावर, आणि फ्यूजनचं घोडं या दोन्ही ठिकाणी अडलेलं आहे.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड भावंडं. १५ कोटी अंशांच्या प्लाझ्मात (अणू फुटून विद्युतभारित झालेल्या तप्त वायूत) ती जुळली की हेलियम आणि एक वेगवान न्यूट्रॉन तयार होतो. ऊर्जेचा ८० टक्के वाटा हा न्यूट्रॉनच घेऊन जातो. त्याला भोवतालच्या जाड आवरणात अडवायचं, ती उष्णता पाण्याला द्यायची, वाफ करायची आणि टर्बाइन फिरवायचं. शेवटचा टप्पा को-जनचाच, त्यात नवीन काही नाही.

बातम्यांमधला ‘घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली’ हा दावा वाचताना मोजमाप कुठे केलं ते आधी पाहावं. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. आपल्या हिशेबात ८३ युनिट वीज घालून एक युनिटही उष्णता हाती आली नाही. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या फ्यूजन यंत्राने २०२३ मध्ये ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल काढले, तेही सुमारे ५ सेकंदांत. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्राचं उद्दिष्ट आहे ५० मेगावॉट तापवण्याच्या बदल्यात ५०० मेगावॉट. हे ५०० मेगावॉट उष्णतेचे. त्यांची वीज केली असती तर जेमतेम १६०-१७० मेगावॉट झाली असती, आणि चुंबक, पंप, शीतकरण यांसाठी संकुलालाच सतत ११० मेगावॉट लागतात. ईटरला म्हणूनच जनित्र जोडलेलं नाही. तो प्रयोग आहे, वीजकेंद्र नाही. भारत त्यात भागीदार असून ईटरचं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट (यंत्राला वेढणारं निर्वात पात्र) सुरतजवळच्या हाजिऱ्यात तयार झालं.

खरी गोम ट्रिटियमची आहे. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षं, त्यामुळे निसर्गात ते साठून राहत नाही. जगातला नागरी साठा २५-३० किलोच्या घरात, आणि तो मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला. (तारापूरचे ५४० मेगावॉटचे दोन संचही जड पाण्याचेच, तिथेही थोडं ट्रिटियम बनतं.) १,००० मेगावॉटचं फ्यूजन केंद्र वर्षभर चालवायचं तर सव्वाशे ते दीडशे किलो ट्रिटियम जळेल. बाजारात ते मिळणार नाही, केंद्रालाच पिकवावं लागेल. आवरणात लिथियम-६ भरायचं. त्यावर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम मिळतं. पण एका संयोगातून न्यूट्रॉन निघतो एकच. त्यातले काही पोलाद गिळतं, काही तापवणाऱ्या उपकरणांच्या झरोक्यांतून निसटतात. तूट भरायला बेरिलियम किंवा शिसं घालून न्यूट्रॉन वाढवावे लागतात. त्यातच आत सोडलेल्या इंधनापैकी जेमतेम एखादा टक्का जळतो. उरलेलं ओढून, शुद्ध करून परत आत द्यायचं, आणि ते भिंतीत मुरू द्यायचं नाही. हे पूर्ण चक्र अजून कोणत्याही यंत्राने चालवून दाखवलेलं नाही.

दुसरं दुखणं भिंतीचं. ईटरच्या तळाशी, जिथे राख म्हणजे हेलियम बाहेर काढतात, तिथे दर चौरस मीटरला १० मेगावॉट उष्णता पडणार. फाउंड्रीवाल्यांना सांगायचं तर एका टनाच्या पंधरा-सोळा भट्ट्यांची ताकद एका चौरस मीटरवर. म्हणून तिथे ३,४०० अंशांपर्यंत न वितळणारं टंगस्टन. न्यूट्रॉनच्या माऱ्याने धातूतले अणू जागचे हलतात आणि पोलाद ठिसूळ होतं. तुकडे बदलावे लागतात, किरणोत्सर्गामुळे ते काम रोबोटनेच करायचं, आणि तेवढे दिवस केंद्र बंद. प्लाझ्मा अचानक कोसळण्याचा धोका वेगळाच.

धोक्याच्या बाबतीत मात्र आजच्या अणुभट्ट्यांपेक्षा फ्यूजन सरस आहे. साखळी प्रक्रिया नाही, काही बिघडलं की प्लाझ्मा आपोआप विझतो. हजारो वर्षं सांभाळायचं जळकं इंधन उरत नाही. किरणोत्सर्गी झालेलं पोलाद शंभरेक वर्षांत बरंच निवतं.

आशेची जागा म्हणजे प्लाझ्माला भिंतीपासून दूर धरून ठेवणारे चुंबक. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं की त्याच आकारमानातून सोळापट शक्ती मिळू शकते, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत उच्च-तापमान अतिवाहकाच्या (विरोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाच्या) मोठ्या चुंबकाने २० टेस्लाचं क्षेत्र गाठलं. यंत्र लहान होईल ते यानेच. भिंतीचा प्रश्न मात्र लहान यंत्रात आणखी तीव्र होतो.

ईटरच्या सुधारित वेळापत्रकात ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये आहेत. त्यानंतर वीज देणारं पहिलं केंद्र, मग त्याचा दर. आज फाउंड्रीत बसवलेली भट्टी तोवर भंगारात गेलेली असेल. दिवसाच्या विजेत सौरशी स्पर्धा करणं फ्यूजनला जमेल असं वाटत नाही. त्याला जागा आहे ती जुलै-ऑगस्टच्या रात्रपाळीत: पॅनेलवर आठ-आठ दिवस ढग, गळीत हंगाम संपून को-जन थंड. त्या वेळी आज कोळसाच कामाला येतो. पण ती जागा रिकामी राहणार नाही. घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प आणि बॅटऱ्या रात्रीचा भार आधीच उचलू लागल्या आहेत. फ्यूजनला दर गाठायचा आहे तो त्यांचा, कोळशाचा नव्हे.