टोर्नेडो येताना पुलाखाली थांबू नका

२६ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एका वृत्तवाहिनीच्या माणसांनी महामार्गावरच्या पुलाखाली जीव मुठीत धरून टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी प्रचंड वावटळ, कॅमेऱ्यात टिपला. सगळे वाचले. ते चित्रण घरोघरी दिसलं आणि पूल म्हणजे हक्काचा आसरा, असा समज रुजला. पण तो टोर्नेडो दुबळा होता आणि पुलावर थेट आलाच नव्हता.

३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात याची किंमत मोजावी लागली. त्या दिवशीच्या सर्वांत जोरदार टोर्नेडोतला वारा रडारवर ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास नोंदला गेला. त्या दिवशी लोक तीन पुलांखाली शिरले आणि त्या तिन्ही ठिकाणी माणूस दगावला. पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वाऱ्याचा वेग वाढतो. उतारावरून वर, तुळयांपाशी चढावं तर तिथे वारा आणखी जोरात, कारण जमिनीलगत तो घर्षणाने थोडा मंदावलेला असतो. शिवाय थांबलेल्या गाड्यांमुळे मागच्यांचा रस्ता अडतो, तो वेगळाच.

टोर्नेडोत बहुतेक जीव जातात ते उडून आलेल्या पत्र्यांनी, लाकडांनी, विटांनी. म्हणून आपल्यात आणि बाहेरच्या हवेत जितक्या जास्त भिंती, तितकं बरं. तळघर उत्तम. ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली बिनखिडकीची खोली, मग ते न्हाणीघर का असेना. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, अंगावर गादी. दाब कमी व्हावा म्हणून खिडक्या उघडायच्या, हा सल्ला साफ चुकीचा आहे. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि वारा आत घुसतो. फिरतं घर, म्हणजे मोबाइल होम, दुबळ्या टोर्नेडोतही उलटू शकतं. ते वेळीच सोडून पक्क्या इमारतीत जायला हवं.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती मिझुरीतल्या जॉप्लिनची हकीकत. २२ मे २०११ रोजी तिथे इशाऱ्याचा पहिला भोंगा वाजल्यापासून टोर्नेडो जमिनीला टेकेपर्यंत वीस मिनिटांहून अधिक वेळ होता. पण भोंगे नेहमीच वाजतात, म्हणून अनेकजण खात्री करून घेत थांबले. दीडशेहून अधिक माणसं गेली.

डॅलस किंवा ओक्लाहोमा सिटीकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी घरातली जागा आजच ठरवावी आणि तिथे प्रत्येकाचे बूट ठेवावेत. वादळानंतर बाहेर पडताना पायाखाली काचा आणि खिळेच असतात.